चारशे सतरा तिरक्या रेघा

छापखान्यात त्यांना तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘काकपद’. सुटलेलं अक्षर आत घालायचं असलं की प्रूफरीडर ओळीखाली कावळ्याच्या पायासारखी खूण करतात, ते काकपद. बाईंच्या हिरव्या पेनातून दिवसाला अशा शंभरेक खुणा उतरत. हे टोपणनाव त्यांना माहीत होतं. ते ठेवणाऱ्या ऑपरेटरला काकपद हा शब्द धड लिहिता येत नव्हता, तो ‘काकापद’ लिहायचा, आणि तेवढ्यावर बाईंनी त्याला माफ करून टाकलं होतं. त्यांच्या मते जगातली बहुतेक माणसं काकापद लिहिणारीच होती.

बाईंचं वय चोपन्न, त्यातली एकतीस वर्षं प्रूफांत गेलेली. बसायची जागा म्हणजे कागदाच्या रिमांमागे फळ्या ठोकून केलेला कोनाडा. एक टेबल, एक दिवा, एक खिडकी. खिडकीतून समोरच्या पेंटरच्या दुकानाची पाटी दिसे, आणि त्या पाटीत तीन चुका होत्या. दुसऱ्यांच्या पाट्या रंगवणाऱ्याची स्वतःची ही गत! बाईंनी रस्ता ओलांडून त्याला दोनदा सांगितलं. “गिऱ्हाईक येतंय ना?” तो म्हणाला. त्यानंतर बाईंनी टेबल फिरवून खिडकीकडे पाठ केली.

प्रोफेसरांचं बाड आलं ते अशा वेळी, जेव्हा बाई एका खतकंपनीच्या कॅटलॉगला कंटाळल्या होत्या. तीनशे अठ्ठेचाळीस पानं. ‘इटालियन क्रियापदे: रूपे आणि उच्चार’. प्रोफेसर एका भाषासंस्थेत इटालियन शिकवत. तीस वर्षांपूर्वी ते त्या देशात अकरा महिने राहून आले होते आणि त्या शिदोरीवर त्यांचं आजवर चाललं होतं. भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर. आल्या आल्या ‘चाओ’, जाताना ‘चाओ’, मध्ये दर दोन वाक्यांनी ‘आमच्या तिकडे’. तिकडच्या एखाद्या कुत्र्यानं तरी यांना ओळख दिली असेल का, असं बाईंच्या मनात येई.

पण काम ते काम. अनोळखी भाषेचं पुस्तक आलं की बाई आधी वाचनालयातून त्या भाषेचा शब्दकोश आणत. भाषा येणं वेगळं आणि भाषा तपासणं वेगळं, आणि दुसरी गोष्ट जास्त अवघड, असं त्यांचं ठाम मत होतं. महिनाभर सकाळी कांदा चिरताना त्यांनी फोनवर इटालियन बातम्या लावल्या. अर्थ फारसा कळत नसे. त्या फक्त ऐकत, की शब्दाचे तुकडे कुठे पडतात आणि आवाज कुठे चढतो.

प्रोफेसरांनी पुस्तकात प्रत्येक रूप अक्षरा-अक्षरांत तोडून दिलं होतं आणि जोर द्यायच्या अक्षरावर एक तिरकी रेघ काढली होती. पान एकेचाळीसवर चौकटीत नियम होता: ‘इटालियन शब्दाचा जोर नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो.’ नेहमी! हा शब्द दिसला की बाई सावध होत. ‘नेहमी’ लिहिणारा माणूस एक तर अभ्यासू असतो नाही तर आळशी, आणि अभ्यासू माणसं मफलर सांभाळत बसत नाहीत.

‘मी बोलतो’ म्हणजे पार्लो, ‘आम्ही बोलतो’ म्हणजे पार्लियामो. इथवर नियम लागू पडत होता. पण ‘ते बोलतात’ म्हणजे पार्लानो, आणि बातम्यांतली निवेदिका जोर देत होती तो ‘पार्’वर. प्रोफेसरांची रेघ होती ‘ला’वर. ‘ते राहतात’, आबितानो: निवेदिका ‘आ’वर, प्रोफेसर ‘ता’वर. ‘ते फोन करतात’, तेलेफोनानो: निवेदिका दुसऱ्याच अक्षरावर, ‘ले’वर, चढून पुढची तीन अक्षरं जिना उतरल्यासारखी घरंगळत म्हणत होती. बाईंनी शब्दकोश उघडला. मग दुसरा शब्दकोश आणला. दोन्ही निवेदिकेच्या बाजूनं. ‘मी’च्या रूपात जोर जिथे, बहुतेक तिथेच तो ‘ते’च्या रूपात राहतो, शेपूट कितीही वाढो. एवढी साधी गोष्ट! ‘लिहिणे’, ‘घेणे’ अशा मूळ रूपांतही तोच घोळ. बाईंनी मोजलं. चारशे सतरा तिरक्या रेघा चुकीच्या जागी होत्या.

त्यांनी प्रत्येकीच्या समोर समासात हिरवं प्रश्नचिन्ह केलं आणि शब्दकोशाचं पान लिहिलं.

प्रूफं परत आली ती खुद्द प्रोफेसरांबरोबर. मालकांच्या केबिनमध्ये बाईंना बोलावलं गेलं.

“ह्या बाई का?” प्रोफेसरांनी मालकांना विचारलं, बाई समोर उभ्या असताना. मग वळून म्हणाले, “तुमचं शिक्षण किती, बाई?”

“मॅट्रिक. आणि मुद्रणाचा कोर्स.”

“आणि इटालियन?”

“महिनाभर ऐकतेय.”

प्रोफेसर मनापासून हसले. “महिनाभर! मी तीस वर्षं शिकवतोय. बाई, तुम्ही काना-मात्रा बघा. आमच्या तिकडे प्रूफरीडर लेखकाला शिकवायला जात नाहीत.”

“शब्दकोशात…”

“शब्दकोश मृत असतात. भाषा जिवंत असते.”

हे वाक्य त्यांनी आधीही कुठे कुठे फेकलेलं असणार, कारण ते टाकून झाल्यावर टाळीसाठी थांबावं तसे ते थांबले. मालकांनी मान डोलावली. मालकांची मान गिऱ्हाइकापुढे डोलण्यासाठीच बसवलेली होती. संस्थेचं सगळं छपाईकाम ह्याच छापखान्यात येई, तेव्हा प्रोफेसर म्हणतील ती पूर्व दिशा.

बाईंना राग आला नाही. रागासाठी समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते. त्या एवढंच म्हणाल्या, “मग प्रत्येक पानावर सही करून द्या. ‘मूळ प्रतीप्रमाणे ठेवावे’ असं लिहून.”

प्रोफेसरांना सही करायला आवडे. तीनशे अठ्ठेचाळीस पानांवर त्यांनी झोकदार सही केली, खाली दोन टिंबं देऊन. बाईंनी तो गठ्ठा बांधून कपाटात ठेवला आणि चारशे सतरा चुका एकही न हलवता जशाच्या तशा छापायला सोडल्या. उलट ऑपरेटरकडून चुकून एक रेघ बरोबर जागी पडली होती, तीही त्यांनी परत चुकीच्या जागी नेली. काम करताना इतकी मजा त्यांना कित्येक वर्षांत आली नव्हती.

एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केली. ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही की कॉम्प्युटर तो मनाला येईल तिथे तोडे. ‘कापिस्को’ म्हणजे ‘मला समजतं’, तो कापिस आणि को असा तुटला होता. इटालियनमध्ये ‘स’ पुढच्या व्यंजनाला धरून जातो: का-पि-स्को. जोडाक्षर द्वित्त असेल तर मधून तुटतं, र-ल-न मागच्या अक्षराकडे राहतात. बाईंनी ओळीशेवटचे सगळे शब्द एकेक करून नीट तोडून घेतले. प्रोफेसरांना त्याचा पत्ताही नव्हता. पुस्तक बाहेर पडलं तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द जिथे तुटायला हवा तिथेच तुटला होता आणि ‘ते’चं जवळजवळ प्रत्येक रूप चुकीच्या जागी ओरडत होतं.

बाईंची भाची त्यांच्याकडेच राहायची. बहिणीची थोरली. हॉस्पिटलात नर्स होती आणि हॉस्पिटल बाईंच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मुलगी कामाला वाघ, पण मावशीच्या मते जरा भोळी; साखरेच्या डब्यावर कुणी ‘मीठ’ लिहिलं तर चव न घेता आमटीत टाकणारी. इटलीत नर्स हव्यात अशी जाहिरात आली. भाषेची परीक्षा पास झालं की नोकरी. भाचीनं संस्थेत नाव घातलं, ड्यूटी सांभाळून संध्याकाळी वर्गाला जाऊ लागली, आणि एके दिवशी पिशवीतून प्रोफेसरांचं पुस्तक काढून तिनं जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

बाईंनी पुस्तकाकडे पाहिलं. नवा कागद, चांगली बांधणी.

“आमच्याकडेच छापलंय,” त्या म्हणाल्या.

“हो? मग तू वाचलं असशील!”

“वाचलंय.”

तेव्हाच सांगायचं होतं. पण वरण उतू जात होतं, मग फोन वाजला, आणि मग बाईंना वाटलं, बघू, शिकेल तशी तिची तिला कळेल. आजवर संस्थेत फक्त लेखी परीक्षा होत असे, लेखीत जोर कुठे दिसतोय! तोंडी परीक्षा त्याच वर्षी सुरू झाली होती, तिकडून परीक्षक येणार होती. हे भाचीनं सांगितलं ते परीक्षेच्या आठवडाभर आधी, भांडी पुसता पुसता, आणि लगेच ती पाठ म्हणू लागली. पार्लानो, ‘ला’वर जोर. आबितानो, ‘ता’वर. पेर्दोनो, ‘दो’वर.

“चुकतंय,” बाई म्हणाल्या. “पार्लानो. पहिल्यावर.”

“पुस्तकात ‘ला’वर रेघ आहे.”

“पुस्तक चुकीचं आहे.”

भाचीनं फडकं खाली ठेवलं. दिवसभराची ड्यूटी, वरून पाठांतर; मुलगी थकलेली होती. “मावशी, तुला सगळ्यांचंच चुकीचं दिसतं. आईचं चुकीचं, पेंटरचं चुकीचं, आता सरांचं. ते प्रोफेसर आहेत. तू कोण आहेस?”

तू कोण आहेस. मफलरवाल्याचाच प्रश्न, आणि तो आपल्या घरात, आपल्याच ओट्यापाशी. बाईंनी भाचीकडे तसंच पाहिलं जसं त्या ऑपरेटरकडे पाहत.

“कुणी नाही,” त्या म्हणाल्या. “म्हण तुझ्या सरांसारखं.” आणि पुढचा आठवडाभर भिंतीपलीकडून चुकीचे जोर कानावर येत असताना त्या गप्प राहिल्या.

परीक्षेहून भाची घरी आली तेव्हा बाई नुकत्याच कामावरून येऊन चपला काढत होत्या. भाची पिशवीसकट खुर्चीत बसली.

“तिनं विचारलं, ऑपरेशननंतर कशावर लक्ष ठेवायचं,” ती म्हणाली. “मला सांगायचं होतं, काही पेशंट रक्त गमावतात. पेर्दोनो. मी ‘दो’वर जोर दिला. त्याचा अर्थ होतो क्षमा. मी तीनदा म्हटलं. पेशंट क्षमा, रक्त. पेशंट क्षमा, रक्त. तिला काही समजेना. मग समजलं तेव्हा हसू आवरेना बिचारीला. चांगली होती गं ती. तिनं वही पुढे केली, लिहून दाखव म्हणाली. लिहिलं तर बरोबर! म्हणाली, तुम्ही सगळेच असं बोलताय, तुम्हाला शिकवलं कुणी? चौदा जण होतो. अकरा नापास.”

बाईंनी दुसरी चप्पल काढून बाजूला ठेवली.

“पेर्दोनोचं तुला माहीत होतं?” भाचीनं विचारलं.

“हो.”

“केव्हापासून?”

“प्रूफं आली तेव्हापासून.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं की. तू ऐकलं नाहीस.”

“एकदा,” भाची म्हणाली. “एकदा सांगितलंस, मावशी. त्या पेंटरला दोनदा सांगितलं होतंस.”

ती उठून खोलीत गेली. दार तिनं आपटलं नाही; आपटलं असतं तर बरं झालं असतं. बाई रिकाम्या खुर्चीसमोर बसल्या. दुसऱ्यांकडे पाहायची ती सवयीची नजर त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा स्वतःकडे वळवली. दिसलं ते काही बघण्यासारखं नव्हतं. चौदा जणांना खड्ड्याकडे जाताना पाहून, खड्डा खणणाऱ्याची कशी जिरते याची वाट पाहत बसलेली एक बाई. आणि त्या चौदांत आपलंच पोर.

दोन दिवसांनी मालकांनी बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता.

“प्रोफेसरांनी संस्थेत सांगितलंय की जोराची चिन्हं छापताना सरकली. प्रूफरीडरचा हलगर्जीपणा.” मालक कागदाकडे बघत बोलत होते. “सही करून टाका. दोन ओळींचं दिलगिरीचं पत्र आहे. तुम्हाला कामावरून काढत नाहीये मी. उद्या संचालिकांकडे मीटिंग आहे, तिथे हे द्यायचं.”

चोराच्या उलट्या बोंबा! बाईंनी कागद वाचला. त्यात ‘दिलगिरी’ची पहिली वेलांटी दीर्घ होती.

“मीटिंगला मी येते,” त्या म्हणाल्या.

संचालिका सर्दीनं बेजार होत्या आणि त्यामुळे कुणाचं फार ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. प्रोफेसर मफलरसह खुर्चीत रेलले होते. बाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि दोरी सोडली. वरच्याच पानावर पार्लानो होतं, समोर हिरवं प्रश्नचिन्ह, शब्दकोशाचं पान, आणि खाली झोकदार अक्षरात ‘मूळ प्रतीप्रमाणे ठेवावे’.

संचालिकांनी दहा-बारा पानं उलटली. नाक पुसलं. “ही सही तुमचीच ना, सर?”

“सही माझी आहे, पण संदर्भ लक्षात घ्यायला हवा,” प्रोफेसर म्हणाले. “आमच्या तिकडे दक्षिणेत काही ठिकाणी…”

“कुठल्या ठिकाणी?” बाईंनी विचारलं.

प्रोफेसरांना ठिकाण आठवेना. अकरा महिन्यांत त्यांनी नेमकं तेवढंच पाहिलेलं नव्हतं.

“हे बघा,” संचालिका म्हणाल्या, “चूक कुणाची ते मला कळलं. पण पुस्तक आम्हीच लावलंय. आमच्याच प्राध्यापकाला जोर कळत नाही असं बाहेर गेलं तर संस्थेत नाव कोण घालणार? मुद्रणदोष म्हटलं तर फेरपरीक्षाही मागता येईल. दोन महिन्यांत.”

“माझंही तेच म्हणणं,” मालक घाईनं म्हणाले आणि बाईंकडे चोरून बघत राहिले. त्यांना वाटलं, आता स्फोट होणार.

“म्हणा मुद्रणदोष,” बाई म्हणाल्या. “पत्रातली वेलांटी तेवढी ऱ्हस्व करा, मी सही करते.”

प्रोफेसर सरसावून बसले. चेहऱ्यावर मोठ्या मनाचं हसू येऊ लागलं होतं.

“पण दोन गोष्टी. प्रत्येक पुस्तकात शुद्धिपत्र जाईल, चारशे सतराच्या चारशे सतरा. ते मी लिहून आणलंय. आणि सर ते वर्गात उभं राहून मोठ्यानं वाचतील, पोरांकडून म्हणून घेतील. मी मागच्या बाकावर यादी घेऊन बसेन.”

“हा माझा अपमान आहे!”

“नाही,” बाई म्हणाल्या. “हा सराव आहे.”

बाहेर जिन्यावर मालकांना राहवलं नाही. “बाई, कागद तुमच्या हातात होते. त्याच्याकडून कबुली घ्यायची की सरळ! उगाच स्वतःच्या नावावर का घेतलंत?”

“त्यांची कबुली घेऊन मी ठेवू कुठे?” बाई म्हणाल्या. “माझ्या घरात एवढी अडगळ मावत नाही.”

वाचन चार दिवस चाललं. वर्गात टेबलफॅनचा आवाज, फळ्यावर नुसती क्रियापदं, आणि समोर पास झालेले तिघेही धरून चौदा जण. पहिल्या दिवशी प्रोफेसरांनी छापखान्याच्या बेजबाबदारपणावर छोटं भाषण केलं. बाईंनी ते शांतपणे ऐकलं. त्यातली एक कर्मणी रचना चुकली होती. मग वाचन सुरू झालं. तीस वर्षांची सवय जिभेवरून जाता जात नव्हती. तेलेफोनानोपाशी प्रोफेसर चार वेळा घसरले. दर वेळी बाईंनी पेन्सिलीनं बाकावर एकदा टकटक केलं, आणि प्रोफेसर खाली मान घालून पुन्हा मागे गेले. तिसऱ्या दिवसापासून पोरं त्यांच्या तोंडाकडे बघेनाशी झाली. शब्द आला की सगळ्यांचे कान मागच्या टकटकीकडे लागत. कौतुक एका गोष्टीचं करायला हवं, मफलर त्यांनी चारही दिवस सोडला नाही.

भाची तिसऱ्या बाकावर बसे. तिनं चार दिवसांत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. घरीही बोलणं कामापुरतं. पाचव्या दिवशी सकाळी बाई कणीक मळत असताना ती वही घेऊन आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

“घे माझं पाठांतर,” ती म्हणाली. “पण शब्दकोश समोर ठेवून. तू सांगितलंस म्हणून मी काही मानणार नाही. कुठाय तो?”

बाईंनी कणकेच्याच हातानं कपाट दाखवलं. मुलगी प्रत्येक शब्द शब्दकोशात बघत होती, मग म्हणत होती. वेळ फार जात होता. बाईंना पहिल्यांदाच कुणीतरी तपासत होतं, आणि त्यांना बरं वाटलं असं काही म्हणता येणार नाही. पण त्यांनी घाई केली नाही. दोन महिने रोज सकाळी तासभर हेच. दोनदा बाईंचाच जोर चुकला. भाचीनं दोन्ही वेळा शब्दकोशाचं पान वाचून दाखवलं आणि पुढचा शब्द घेतला. ती हसली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

फेरपरीक्षेला बाई बरोबर गेल्या, ‘ये’ असं कुणी म्हटलेलं नसताना. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्या. आतून परीक्षिकेचा आवाज येत होता, मधूनच भाचीचा. शब्द काही कळत नव्हते. प्रोफेसर कॉरिडॉरमधून दोनदा गेले. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत आपण ‘दीर्घ संशोधनांती’ नियमात बदल केल्याचं लिहिणार आहोत, असं ते कुणाला तरी सांगत होते. बाईंनी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही.

वीस मिनिटांनी भाची बाहेर आली.

“झाले पास,” ती म्हणाली आणि चालू लागली.

बाई उठल्या, तिची बाकावर राहिलेली पिशवी उचलली आणि मागोमाग निघाल्या. बसमध्ये जागा मिळाल्यावर भाची खिडकीशी बसली, थोडी सरकली, आणि तिकडे थंडी किती असते, स्वेटर इथूनच न्यावेत की तिथे घ्यावेत, असं विचारू लागली. बाई म्हणाल्या, इथूनच ने, तिकडचे कसे असतील मला माहीत नाही.